अर्ध्यावरचं घर आणि चवथीची तारीख

मे महिन्यात मुंबईहून धामापूरला उतरलेल्या माणसाला पहिला प्रश्न प्रकृतीचा होत नाही, घराचा होतो. ‘काम खंयपर्यंत इलां?’ उत्तरही ठरलेलं असतं: अर्धं झालं. पण अर्धं म्हणजे नेमकं किती? गवंड्याच्या हिशेबात गिलावा झाला की घर जवळजवळ संपलं. वायरमनच्या हिशेबात अजून सुरुवातच आहे, कारण भिंतीत नुसत्या नळ्या पुरल्यात, तारा ओढायच्या आहेत. सुताराने तर अजून मापही घेतलेलं नसतं. आणि मालकाला दिसतं ते एवढंच, की पाऊण पैसे संपलेत आणि घर मात्र सुरुवातीपेक्षाही भकास दिसतंय.

घराच्या आतल्या कामाचा हा मधला काळ कोणी दाखवत नाही. पायाभरणीचा नारळ फोडतानाचा फोटो असतो, वास्तुशांतीचा असतो. मधल्या सात-आठ महिन्यांचा नसतो. पण घर टिकणार की दुसऱ्याच वर्षी रंगाचे पोपडे सुटणार, याचा निकाल याच काळात लागतो. आणि आपल्या कोकणात नेमका हाच काळ सर्वांत जास्त चेपला जातो.

धामापूर मालवण तालुक्यात, मालवणहून नेरुरपारमार्गे कुडाळला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. बाहेरच्यांना ते तलावामुळे माहीत असतं. विजयनगरच्या राजवटीतले मांडलिक नागेश देसाई यांनी 1530 साली गावकऱ्यांच्या साथीने हा तलाव बांधला. आंतरराष्ट्रीय सिंचन आणि जलनिस्सारण आयोगाने 2020 मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान दिला, आणि तो मिळवणारा महाराष्ट्रातला हा पहिलाच तलाव. काठावर भगवतीचं देऊळ, मागे झाडीचे डोंगर, वर जांभ्याचा सडा. घरं त्याच जांभ्याच्या चिऱ्यांची: पुढे खळं, मग पडवी, ओटी, माजघर, मागे रांधपाची खोली आणि पाठीमागचं दार. ही घरं गेल्या वीस-पंचवीस वर्षांत झपाट्याने बदलत आहेत. कोकण रेल्वे 1998 मध्ये पूर्ण सुरू झाली, तारकर्ली-मालवणचं पर्यटन वाढलं, ऑक्टोबर 2021 मध्ये चिपीचा विमानतळ उघडला. चाकरमान्यांना निवृत्तीनंतर गावात राहण्याजोगं घर हवंय, गावात राहणाऱ्यांना पर्यटकांसाठी दोन खोल्या हव्यात. म्हणून जुन्या घरात खोलीला जोडून न्हाणीघर येतं, ओट्याखाली कपाटं येतात, कौलांखाली छत येतं, वातानुकूलन येतं.

जुन्या घराला हा मधला काळ फारसा नव्हताच. कोनाडा, फडताळ, दिवळी, खुंटी, देवघराची जागा हे सगळं भिंत चढतानाच व्हायचं. गवंडी कोनाड्यापुरता चिरा सोडून पुढे जायचा, सुतार चौकट उभी करून द्यायचा आणि तिच्याभोवती भिंत यायची. जमीन चोपून शेणाने सारवली की घरात राहायला जायचं. वरची कौलं दरवर्षी पावसाआधी परतायची, सारवण सणाला नव्याने करायचं. घराचं आतलं आणि बाहेरचं काम एकच होतं आणि करणारे हात दोन-तीनच. आता भिंत उभी राहिल्यावर आत डझनभर वेगवेगळे कारागीर येतात: प्लंबर, वायरमन, गळतीरोधक थर देणारा, गिलाव्याचा गवंडी, टाइलवाला, छतवाला, सुतार, पॉलिशवाला, रंगारी, काचवाला. त्यातल्या बहुतेकांना दोनदा-तीनदा यावं लागतं आणि प्रत्येक जण दुसऱ्या कुणाचं काम होण्याची वाट पाहत असतो. मधला टप्पा जन्माला आला तो या वाट पाहण्यातून.

वायरमनचंच बघा. गिलाव्याच्या आधी येऊन तो भिंतीत खाचा पाडतो, नळ्या आणि स्विचचे डबे बसवतो. मग त्याला जावं लागतं, कारण पुढचं काम गवंड्याचं. गिलावा झाल्यावर तो तारा ओढायला येतो आणि पुन्हा जातो. रंगाचा शेवटचा हात होत आला की तिसऱ्यांदा येऊन बटणं, पंखे, दिवे लावतो. प्लंबर असाच दोनदा. भिंतीतले नळ आधी, तोट्या आणि भांडी अगदी शेवटी. या फेऱ्यांच्या मध्ये दोन-तीन आठवडे जातात, आणि तेवढ्यात त्या माणसाने कट्टा गावात नाहीतर कुडाळला दुसरं काम घेतलेलं असतं. मालक म्हणतो, मेस्त्री फसवतो. नेहमीच तसं नसतं. रोजंदारीवर जगणारा माणूस तुमचा गिलावा सुकेपर्यंत घरी बसू शकत नाही. त्याच्या पुढच्या फेरीची तारीख आधीच ठरवून घेतली आणि त्या फेरीचे पैसे त्या फेरीलाच दिले, तर यातली निम्मी भांडणं होणार नाहीत.

पण मधल्या काळातली सर्वांत मोठी गोष्ट कारागिरांची नाही, पाण्याची आहे.

बारा बाय बारा फुटांची, दहा फूट उंच खोली धरू. दारं-खिडक्या वजा न करता चार भिंती मिळून 480 चौरस फूट. सरासरी 15 मिलिमीटर जाडीचा, एकास चार मापाचा गिलावा केला तर सुमारे पाच गोणी सिमेंट लागतं, आणि माल कालवायला पावणेदोनशे लिटरच्या आसपास पाणी. सिमेंट घट्ट होताना आपल्या वजनाच्या साधारण पाव हिस्सा पाणी कायमचं बांधून ठेवतं. अडीचशे किलो सिमेंटाला ते साठ-बासष्ट लिटर झालं. उरलेलं शंभर लिटरहून अधिक पाणी माल पसरता यावा म्हणूनच घातलेलं असतं. त्यातलं काही चिरा पितो आणि भिंतीत साठवतो. बाकीच्याने हवेत जायचं असतं. यात सात दिवस भिंतीवर मारलेलं पाणी धरलेलंच नाही, आणि ते मारावंच लागतं, कारण ओल टिकली तरच सिमेंटाला ताकद येते. काँक्रीटला तर भारतीय मानक 456 प्रमाणे साध्या सिमेंटासाठी किमान सात दिवस आणि मिश्र सिमेंटासाठी त्याहून जास्त दिवस ओल धरावी लागते. पूर्ण ताकदीसाठी अठ्ठावीस दिवसांचा हिशेब असतो, सातव्या दिवशी ती जेमतेम दोन-तृतीयांश असते.

म्हणजे आधी भिंत मुद्दाम ओली ठेवायची आणि नंतर ती मनापासून सुकू द्यायची. या दोन्ही गोष्टींना वेळ लागतो आणि दोन्हींत डोळ्यांना काही घडताना दिसत नाही. ब्रिटनमध्ये जमिनीवरच्या सिमेंटच्या थरासाठी एक जुना ठोकताळा आहे: थराच्या प्रत्येक मिलिमीटरला सुकायला एक दिवस, तोही हवा खेळती आणि बऱ्यापैकी कोरडी असेल तर. तेच गणित लावलं तर 40 मिलिमीटरच्या थराला सव्वा महिना हवा. आपल्याकडे जुलैच्या हवेत ते सुकणं जवळपास थांबतंच, कारण हवाच पाण्याने भरलेली असते. ओले पापड उन्हातून अर्धवट उचलून डब्यात भरले तर काय होतं ते प्रत्येक घराला ठाऊक आहे. ओल्या भिंतीवर पुट्टी, प्रायमर आणि वर चकाकणारा प्लास्टिक पेंट चढवला की भिंतीचं तेच होतं.

मग पाणी मिळेल तिथून बाहेर पडतं आणि येताना क्षार घेऊन येतं. रंगाखाली पांढरी भुकटी जमते, फुगवटा येतो, नखाने उचकटला की पोपडा निघतो. आपण त्याला भिंतीला खार आला म्हणतो. हे क्षार चिऱ्यात असतात, सिमेंटात असतात, पण कोकणात त्यांचा मोठा वाटा वाळूतून आणि पाण्यातून येतो. कर्ली, कालावल या खाड्यांच्या पट्ट्यात खाडीची वाळू सहज मिळते. ती गोड्या पाण्याने नीट धुतली नाही तर तिच्यातलं मीठ घरात येतं आणि गिलाव्यापेक्षा जास्त लोखंडाला खातं. पाण्याचंही तसंच. भारतीय मानकाप्रमाणे लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटसाठीच्या पाण्यात क्लोराइड लिटरमागे 500 मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. पिण्याजोगं पाणी हीच त्याची साधी कसोटी. धामापूरकरांना याचं मोल वेगळं सांगायला नको. त्यांच्या तलावाचं गोडं पाणी मालवण शहराच्या नळयोजनेलाही जातं. उलट खाडीकाठच्या विहिरींचं पाणी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतं, आणि बांधकामाचा हंगाम नेमका तोच असतो. खाडीकाठी घर असेल तर बांधकामाचं पाणी आधी चाखून बघा, आणि शंका आली तर टँकर मागवा. टँकरचा खर्च गंजलेल्या सळ्यांपुढे काहीच नाही.

लाकूडही पाण्याच्याच हिशेबावर चालतं, फक्त जास्त हळू. कापलेलं, वाळलेलं लाकूड आजूबाजूच्या हवेतून ओल घेतं आणि सोडतं, आणि त्याप्रमाणे फुगतं, आक्रसतं. हवेची आर्द्रता नव्वद टक्के असेल तर लाकडातली ओल वीस टक्क्यांच्या आसपास जाऊन थांबते. आर्द्रता पासष्टवर आली की ती बारावर येते. वातानुकूलित खोलीत, पन्नास टक्क्यांना, नऊवर. लाकूड धाग्याच्या दिशेने जवळजवळ हलत नाही, हलतं ते रुंदीत. साग हा कमी हलणाऱ्या लाकडांपैकी. तरीही एक फूट रुंदीची सागाची फळी वीस टक्क्यांवरून बारावर आली तर रुंदीत साडेचार मिलिमीटरच्या आसपास आक्रसू शकते. जुलैत चपखल बसवलेल्या दारात मार्चमध्ये फट दिसते ती यामुळे, आणि मार्चमध्ये चपखल बसवलेलं दार आषाढात अडकतं तेही यामुळेच. भारतीय मानक 287 ने हवेच्या आर्द्रतेनुसार देशाचे चार विभाग पाडून प्रत्येकासाठी लाकडात किती ओल चालेल ते ठरवून दिलं आहे. समुद्रकाठ त्यातल्या सर्वांत दमट विभागात येतो. ओल मोजायचं दोन सुयांचं छोटं यंत्र असतं, लाकडाला टोचलं की आकडा दिसतो. चार-पाच लाखांचं सुतारकाम देताना ते यंत्र एकदा लाकडाला लावून बघायला हरकत नसावी.

जुन्या घरांतले फणसाचे, ऐनाचे, किंजळाचे वासे आणि दारं अशी भांडत नाहीत, कारण त्यांनी कित्येक पावसाळे पाहिलेत. म्हणून जुनं घर पाडताना निघालेलं लाकूड भंगारात देऊ नका. नव्या फर्निचरसाठी त्याच्याइतकं मुरलेलं लाकूड बाजारात मिळणार नाही. प्लायवूड घ्यायचंच असेल तर स्वयंपाकघर आणि न्हाणीघराला लागून भारतीय मानक 710 चं, म्हणजे ज्याचा डिंक 72 तास उकळत्या पाण्यात टिकतो ते घ्या. आर्द्रतारोधक म्हणून मिळणारं साधं प्लाय आणि भुशाचे दाबलेले बोर्ड देशावरच्या कोरड्या घरांसाठी ठीक, इथे नव्हेत. बिजागऱ्या आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्या. खाडीच्या तोंडाशी घर असेल तर 316 क्रमांकाचं स्टील, कारण त्यातल्या मॉलिब्डेनममुळे ते मिठाच्या हवेला जास्त दाद देत नाही.

आता हे सगळं कॅलेंडरवर मांडून बघा, म्हणजे कोकणातल्या घरांचं खरं दुखणं दिसेल.

दिवाळी झाली की काम सुरू होतं. भात घरात आलेलं असतं, मजूर मोकळे असतात. शिमग्यापर्यंत भिंती, एप्रिल-मेमध्ये गिलावा आणि टाइल्स. मे महिन्यात मुंबईकर येतात, फर्निचर पसंत करतात, दोन गोष्टी बदलतात आणि एक तारीख देऊन जातात: चवथ. चवथीला नव्या घरात गणपती बसला पाहिजे. त्यात भावना आहे आणि ती खरी आहे. वर्षातून एकदा सगळे भाऊ एका छताखाली येतात ते याच दिवसांत, आणि फळापानांच्या माटवीखाली बसलेल्या गणपतीपुढे घर सजलेलं असावं असं कुणाला वाटणार नाही? पण जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागतो आणि चवथ येते ऑगस्टच्या उत्तरार्धात किंवा सप्टेंबरात. मधल्या अडीच-तीन महिन्यांत सिंधुदुर्गात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडणाऱ्या वर्षभराच्या पावसाचा मोठा भाग पडतो. सुतारकाम, पॉलिश, पुट्टी आणि रंग, म्हणजे ज्यांना कोरडी हवा सर्वांत जास्त लागते ती चारही कामं, आपण वर्षातल्या सर्वांत ओल्या दिवसांत उरकतो. गवंडी एप्रिलमध्ये बरोबर काम करून गेलेला असतो, रंगारी ऑगस्टमध्ये बरोबर काम करून जातो, आणि पुढच्या वर्षी भिंत सोलते. दोष कुणाचाच नसतो. दोष तारखेचा असतो.

तारीख चुकते त्यामागे माणसाच्या मनाची एक जुनी खोडही आहे. डॅनियल काहनमन आणि आमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये तिच्याकडे लक्ष वेधलं. योजना आखताना माणूस सगळं सुरळीत होईल असं चित्र समोर धरतो, आणि अशा कामांना इतरांना खरंच किती वेळ, किती पैसा लागला हे विचारतच नाही. काहनमन यांनी 2011 च्या आपल्या पुस्तकात अमेरिकेतल्या 2002 च्या एका पाहणीचा दाखला दिला आहे. स्वयंपाकघर नव्याने करून घेणाऱ्यांनी सरासरी 18,658 डॉलर खर्च धरला होता, प्रत्यक्षात तो 38,769 डॉलर झाला. दुपटीहून जास्त. काहनमन यांनी उपायही सांगितला आहे: आपल्या कामाचा अंदाज आपल्या कामावरून बांधू नका, तसल्याच दहा कामांवरून बांधा. धामापुरात हे करणं मुंबईपेक्षा सोपं आहे. आजूबाजूच्या वाड्यांत गेल्या पाच वर्षांत ज्यांनी घर केलं त्यांच्याकडे जाऊन तीन गोष्टी विचारा. किती महिने धरले होते, किती लागले, आणि कुठल्या कामापाशी अडलं. खर्च सांगायला लोक लाजतात, महिने सांगायला लाजत नाहीत.

अडण्याचं आणखी एक मोठं कारण म्हणजे मधेच बदललेलं मत. भिंती उभ्या राहिल्या की खोली कागदावरच्यापेक्षा लहान वाटते, मग ओटा इकडचा तिकडे, देवघराचं तोंड फिरवायचं, न्हाणीघर मोठं करायचं. पाया खणतानाचा बदल कागदावर खोडरबराने होतो, गिलाव्यानंतरचा छिन्नीने. सिडनीच्या ऑपेरा हाउसची कथा जगाने अभ्यासली ती याचसाठी. डेन्मार्कच्या योर्न उत्सोन यांनी 1957 मध्ये स्पर्धा जिंकली आणि 1959 मध्ये काम सुरू झालं. बाहेरचे प्रसिद्ध शिंपले उभे राहत होते, आतली रचना अजून नमुन्यांच्या पातळीवर होती, आणि अशा ऐन मध्यावर, फेब्रुवारी 1966 मध्ये, पैसे आणि नमुन्यांवरून सरकारशी बिनसून उत्सोन बाहेर पडले. आतलं काम पीटर हॉल यांच्याकडे आलं. मोठं सभागृह ऑपेरा आणि वाद्यवृंद दोन्हींसाठी योजलेलं होतं, ते फक्त वाद्यवृंदाचं झालं, आणि ऑपेरा लहान सभागृहात गेला, जिथे वादकांची जागा कायमच अपुरी पडली. 70 लाख डॉलरचा अंदाज 10 कोटी 20 लाखांवर गेला आणि 1973 मध्ये उद्घाटन झालं. मोठ्या सभागृहातला आवाज सुधारायला ते 2020 मध्ये बंद करावं लागलं आणि 2022 मध्ये पुन्हा उघडलं. कवच जगातलं सर्वांत देखणं, आणि आतल्या अर्ध्यावरच्या निर्णयांची दुरुस्ती पन्नास वर्षांनंतर.

आपल्या घरात एवढं मोठं काही नसतं. पण मधल्या टप्प्यावर कधी आणि काय बघायचं हे माहीत असेल तर पुढची छिन्नी वाचते. खाचा पाडल्यावर, गिलाव्याच्या आधी, प्रत्येक भिंतीचा मोजपट्टी लावून फोटो काढून ठेवा. पुढे खिळा ठोकताना नळ कुठून गेलाय हे सांगणारं दुसरं काही उरत नाही. नळांत दाब देऊन रात्रभर ठेवा. न्हाणीघराच्या जमिनीला गळतीरोधक थर दिल्यावर टाइल्स लावायची घाई न करता दोन दिवस पाणी तुंबवून खालची आणि बाजूची भिंत बघा. खाचांचाही एक नियम आहे: उभी खाच भिंतीच्या जाडीच्या एक-तृतीयांशपर्यंत, आडवी फक्त एक-षष्ठांशपर्यंत. नऊ इंची चिऱ्याच्या भिंतीत आडवी खाच दीड इंचाहून खोल गेली तर भिंतीची ताकद कमी होते. जांभा मऊ असल्याने ग्राइंडर लोण्यासारखा आत जातो, म्हणून इथे हे जास्त सांभाळायला हवं. अर्थिंगचा खड्डाही याच काळात होतो आणि सहसा उरकला जातो. जांभ्याची जमीन वीज सहज जाऊ देत नाही. कोकणातल्या विजांचा विचार करता खड्डा खोल, नीट भरलेला आणि मोजून घेतलेला हवा, आणि मुख्य फळीवर 30 मिलिअँपिअरची गळती पकडणारं यंत्र हवंच. यातली एकही गोष्ट वास्तुशांतीला आलेल्या पाहुण्याला दिसणार नाही.

काही घरं तर मध्यावरच राहतात. सामायिक घर, चार भावांची नावं, एकाची संमती अडली, किंवा ज्याच्या हौसेने काम काढलं तो माणूस गेला. सळ्या वर काढून ठेवलेली, खिडक्यांना पत्रे मारलेली अशी घरं मालवण-कुडाळ रस्त्याला कुठेही दिसतात. यावर वास्तुशास्त्र काय करणार असं वाटेल. पण काम कुठे थांबलं तर राहता येईल हे आधी ठरवता येतं. चार्ल्स कोरिया यांनी 1983 ते 1986 दरम्यान नवी मुंबईत बेलापूरला जी वसाहत केली तिचं सूत्रच हे होतं. छोट्या चौकाभोवती सात-सात घरं, प्रत्येकाची भिंत स्वतंत्र, म्हणजे ज्याला जमेल तेव्हा त्याने खोली वाढवावी, शेजाऱ्याला धक्का न लावता. पुढे अनेकांनी मूळ घरं पाडून मोठी बांधली, तरी तो विचार आपल्या उपयोगाचा आहे. आधी एक खोली, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर पूर्ण करा, अगदी तोटी आणि दिव्यापर्यंत. मग पुढची खोली. सगळं घर एकदम निम्मं करण्यापेक्षा निम्मं घर एकदा पूर्ण केलेलं बरं. पैसे संपले, माणूस आजारी पडला, भावाचं मत फिरलं, तरी घरात चूल पेटते.

माझं मत स्पष्ट आहे. कोकणात घराच्या आतल्या कामाने एक पावसाळा अर्ध्यावर काढावा. मेअखेर गिलावा, टाइल्स, न्हाणीघर आणि वायरिंग आटपा. भिंतींना फक्त चुन्याचे दोन हात द्या. चुना ओल अडवत नाही, भिंत त्यातून सुकत राहते आणि घर उजळही दिसतं. मग जून ते सप्टेंबर घराला पावसात उभं राहू द्या. कुठली कौलं गळतात, कुठल्या कोपऱ्यात ओल चढते, वाऱ्याने पाऊस कुठल्या खिडकीतून आत येतो, मागच्या दाराला पागोळ्या कुठे पडतात, हे तो पावसाळा फुकट सांगतो. कुठलाही आराखडा हे आधी सांगू शकत नाही. ऑक्टोबरच्या उन्हात दारं-खिडक्या उघडी टाका. दिवाळीनंतर सुतार आणा, डिसेंबर-जानेवारीत रंगारी. काम पाच-सहा महिन्यांनी लांबतं, पण तीन वर्षांनी भिंत खरवडून पुन्हा रंगवण्याचा खर्च वाचतो.

राहिला प्रश्न चवथीचा. गणपती जरूर आणा, त्याच घरात आणा. माटवी बांधा, चुन्याच्या भिंतीला नवी चटई टेकवा, कपाटं नसली तर नसू देत. भाऊ-बहिणी आल्या की त्यांना गळकी जागा दाखवा आणि ओटा कुठे हवा ते विचारा, कारण मत बदलायला हीच शेवटची स्वस्त वेळ आहे. रंगाऱ्याला मात्र या दिवसांत बोलावू नका.